स्वगताला काना

"मापारी, यंदा तुमचं काय?" असं हेडक्लार्कनी विचारलं तेव्हा उत्तर काय येणार ते सगळ्या कचेरीला ठाऊक होतं. दर स्नेहसंमेलनाला मापारींकडे एकच काम असे, खुर्च्या. खुर्च्या मोजून आणायच्या, मोजून मांडायच्या आणि मोजून परत करायच्या. वजनमापे कचेरीतल्या माणसाला याहून शोभेसं काम कुठलं? मापारी हे त्यांचं आडनाव नव्हे. दुकानदारांचे तराजू तपासून त्यांवर शिक्के मारता मारता ते नाव त्यांना चिकटलं, आणि इतकं चिकटलं की घरचं टपालसुद्धा त्याच नावानं येऊ लागलं. तर त्या दिवशी हेडक्लार्कनी नावापुढे 'खुर्च्या' लिहूनही टाकलं होतं, तेवढ्यात मापारी म्हणाले, "खोडा ते. मी स्वगत करणार आहे."

हेडक्लार्कचं पेन थांबलं. "म्हणजे एकपात्री?"

"नव्हे. एकपात्रीत माणूस लोकांशी बोलतो. स्वगतात तो स्वतःशी बोलतो."

"मग लोकांनी काय करायचं?"

"ऐकायचं."

"आम्ही ऐकतोय हे तुम्हाला ठाऊक असतं?"

"असतं. पण नाही असं धरायचं."

"कुणी धरायचं? आम्ही की तुम्ही?"

"दोघांनी."

हेडक्लार्क विचारात पडले. तसे ते विचारी गृहस्थ होते. विचार केल्याशिवाय त्यांनी आजवर कुणाची रजा मंजूर केली नव्हती, आणि विचार केल्यावरही फारशी केली नव्हती. "मग असं करू," ते म्हणाले. "स्वतःशीच बोलायचंय म्हणता, तर माईक नको. तो गाणाऱ्यांना राहू दे."

हे स्वगत होतं एका चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी नाटकातलं. नाटकाचं नाव उच्चारताना जीभ अडखळते, म्हणून आपण त्याला नुसतं 'नाटक' म्हणू. त्यात एक म्हातारा किल्लेदार आहे. शत्रूचा वेढा पडलाय, शिधा संपलाय, दरवाजा उघडावा की लढून मरावं याचा निकाल लावायचाय. पाचव्या अंकात सगळे सरदार भांडून निघून जातात आणि म्हातारा बुरुजावर एकटाच बोलत उभा राहतो. मापारींना हे कॉलेजात पाठ झालं ते कसं, कुणाला ऐकवण्यासाठी, आणि त्या मुलीचं पुढे काय झालं, हे सांगत बसलो तर किल्ला पडायचा राहून जाईल. मुद्दा एवढाच, की ते त्यांच्या पोटात इतकी वर्षं तसंच पडून होतं. आता निवृत्ती दिसू लागल्यावर त्यांना वाटायला लागलं होतं, की जन्मभर आपण दुसऱ्यांची वजनं तपासली, एकदा आपलंही कुणी तपासून बघावं. एकदा आपण बोलावं आणि लोकांनी गप्प बसून ऐकावं. इच्छा तशी लहान होती. पण माणसाला जेरीला आणतात त्या लहान इच्छाच, कारण त्या पुऱ्या होतील असं त्याला खरोखर वाटत असतं.

पहिली अडचण परवानगीची. 'मजकूर पूर्वमान्यतेसाठी सादर करावा' असा शेरा आला. मापारींनी मजकूर सादर केला. तो परत आला तेव्हा वर लिहिलं होतं, 'मूळ लेखकाचे ना-हरकत पत्र जोडावे.' मापारींनी नम्रपणे कळवलं की लेखक वारले आहेत. त्यावर शेरा आला, 'मृत्यूचा दाखला जोडावा.' हे कसंबसं निस्तरतंय तोवर वरून आणखी एक शंका आली, की किल्ला शत्रूच्या हवाली करणे हे खात्याच्या धोरणाशी सुसंगत आहे काय, आणि नसल्यास शेवट बदलता येईल काय. मापारी स्वतः जाऊन समजावून आले, की किल्लेदार किल्ला देतो की नाही हे स्वगतात ठरतच नाही. ते पुढच्या प्रवेशात ठरतं, आणि पुढचा प्रवेश आपण करत नाही.

"म्हणजे निर्णय पुढे ढकललाय म्हणा की!" हेडक्लार्कना हायसं वाटलं. "मग आधी नाही का सांगायचं?" कागद त्याच दिवशी मंजूर झाला.

मंजुरी मिळाली ती इंग्रजी मजकुराला. पण इंग्रजीतून म्हटलं तर निम्मी कचेरी घड्याळाकडे बघत बसणार, म्हणून मापारींनी त्याचं मराठी करायला घेतलं. याचा सुगावा वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांना लागला. निवृत्त हेडमास्तर म्हणजे शिकवायला कुणी न उरलेला माणूस. ते सपाता घालून तसेच खाली आले आणि न विचारता कोचावर बसले.

"म्हणा," ते म्हणाले.

मापारींनी म्हणून दाखवलं. हात पुढे, मान वर, आवाज थेट बेंबीच्या देठापासून.

"ओरडताय कुणावर?"

"किल्लेदार चिडलाय."

"चिडला असेल. पण तो एकटा आहे ना? एकटा माणूस ओरडत नाही. ओरडायलासुद्धा समोर कुणीतरी लागतं." हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. "आता मला सांगा, हे सगळं तो सांगतोय कुणाला?"

"स्वतःला."

"स्वतःला ठाऊक असलेली गोष्ट माणूस स्वतःला कशाला सांगेल? अहो, दुसऱ्या कुणाशी तरी बोलायचं राहून गेलं, की माणूस स्वतःशी बोलायला लागतो. तो दुसरा कोण, ते शोधा. बाकी हात कुठे आणि मान कुठे, ते आपोआप येतं."

मापारींना हे फार पटलं, आणि पटलं म्हणूनच पुढचा घोटाळा झाला. न पटलेला सल्ला कुणाचंच वाकडं करत नाही. दोघं मिळून एकेक शब्द काट्यावर घालू लागले. 'कॅसल' या शब्दापाशी गाडी अडली. मापारींनी साहजिकच 'किल्ला' लिहिलं होतं.

"किल्ला म्हटलं की लोकांना सहल आठवते," हेडमास्तर म्हणाले. "हा माणूस तिथे सहलीला नाही आलेला. त्याचं खाणंपिणं, झोपणं, म्हातारं होणं, सगळं तिथेच झालंय. त्याच्या लेखी ते काय आहे?"

"घर?" मापारी चाचरत म्हणाले.

"बघा बरं म्हणून."

मापारींनी म्हटलं, "एवढं मोठं हे घर, आणि माझं बोलणं ऐकणारं एकही माणूस या घरात नाही. भिंतींना कान असतात म्हणतात. असतील. या घरात कान असतील तर ते भिंतींनाच." 'किल्ला' म्हणताना घशातून येणारा आवाज 'घर' म्हणताना कुठून तरी पार खालून आला. म्हणून झाल्यावर मापारींना पाणी प्यावं लागलं. हेडमास्तरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आता काही बदलू नका असं सांगून ते वर निघून गेले.

सरावाला जागा निवडली ती न्हाणीघराची. तिथे आवाज घुमतो, बुरुजावर उभं राहिल्यासारखं वाटतं आणि आतून कडीही लावता येते. एक गोष्ट तेवढी मापारींच्या लक्षात आली नाही. त्यांच्या न्हाणीघराची खिडकी ज्या अंधाऱ्या बोळात उघडते, त्याच बोळात इमारतीतल्या सगळ्या न्हाणीघरांच्या खिडक्या उघडतात. त्यामुळे रोज सकाळी दात घासणाऱ्या अख्ख्या इमारतीनं तोंडात फेस धरून ऐकलं, की मापारींच्या एवढ्या मोठ्या घरात त्यांचं ऐकणारं एकही माणूस नाही. ज्यांना ते घर दोन खोल्यांचं आहे हे माहीत होतं, त्यांना तर जास्तच कळवळा आला.

समोरच्या काकू वाटीभर साखरेचं निमित्त करून आल्या आणि मापारींच्या बायकोला म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका हो. या वयात पुरुष असे होतात. आमचे हे तर पंख्याशी बोलायचे." सोसायटीच्या सेक्रेटरींनी मापारींना जिन्यात गाठलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, की सोसायटी तुमच्या पाठीशी आहे.

"कशासाठी?" मापारींनी विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं, आम्ही ऐकणार. आपलं ऐकणारं कुणी नाही असं सोसायटीतल्या एकाही सभासदाला वाटता कामा नये. हवं तर तसा ठराव करू."

संध्याकाळी परगावाहून लेकीचा फोन आला. "बाबा, आईशी भांडलात?"

"मी कशाला भांडू?"

"समोरच्या काकू म्हणाल्या, तुम्ही न्हाणीघरात रडता."

"रडत नाही गं. मी किल्लेदार आहे."

त्यावर लेक फार मायेनं म्हणाली, "बाबा, मी येऊन जाऊ का?"

या सगळ्यात मापारींची बायको एक शब्द बोलली नव्हती. ती शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवायची, आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वह्यांची चळत घेऊन लाल पेनानं तपासत बसायची. लेकीचा फोन झाल्यावर तिनं एक वही मिटली आणि हात पुढे केला. "ते कागद बघू."

मापारींनी इंग्रजी आणि मराठी, दोन्ही कागद मोठ्या हौसेनं तिच्या हातात दिले. त्यांना वाटलं, चला, घरचं माणूस एकदाचं रस घेतंय. तिनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि ओळीखाली बोट धरून वाचत गेली. एका जागी बोट थांबलं.

"इथे तर कॅसल आहे."

"हो."

"मग घर कुणी घातलं?"

"हेडमास्तर म्हणाले, की..."

"ते म्हणाले असतील. लिहिलं कुणी?"

"मी."

"का?"

आता इथे एखादा मुरलेला नवरा म्हणाला असता, की यमक जुळेना, की कागदावर जागा पुरेना. पण मापारींचं सगळं आयुष्य खऱ्या मापात गेलेलं. त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं आणि सांगितलं, "ते जास्त खरं वाटलं."

बायकोनं लाल पेनाला टोपण लावलं. "बरं," ती म्हणाली. कागद परत केले आणि वह्या गोळा करून ती आत निघून गेली. इतक्या वर्षांच्या संसारात माणसाला 'बरं'चे प्रकार ओळखता यायला हवेत. मापारींना त्या क्षणी एवढंच वाटलं, की तिला भाषांतर फारसं आवडलेलं दिसत नाही.

तिनं बोलणं बंद केलंय हेही त्यांच्या लगेच ध्यानात आलं नाही, आणि या गोष्टीतली खरी लाजिरवाणी बाब हीच. चहा वेळेवर टेबलावर येत होता, डबा वेळेवर हातात पडत होता. एका संध्याकाळी पेपर वाचता वाचता त्यांना चुकल्या चुकल्यासारखं वाटू लागलं. घरात काहीतरी बंद पडलंय असं वाटून त्यांनी उठून फ्रीज उघडून पाहिला. फ्रीज चालू होता. पंखा चालू होता. मग ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. ती पाठमोरी काम करत होती आणि तिच्याकडून हूं की चूं नव्हतं. आपल्याला काय ऐकू येईनासं झालंय ते त्यांना तेव्हा कुठे उमगलं.

"अगं, ते नाटक आहे," मापारी म्हणाले.

"हो."

"चारशे वर्षांपूर्वीचं."

"हो."

"संमेलनाला येशील ना? तिसऱ्या रांगेत खुर्ची धरून ठेवतो."

"बघते."

त्या रात्रीपासून मापारींचा स्वगतातला रस बदलला. कचेरीनं ऐकावं, टाळ्या वाजवाव्यात, ही हौस गळून पडली. बायकोनं यायला हवं, समोर बसायला हवं. मग स्वगतात त्या ओळीपाशी आलो की आपण सगळ्यांसमक्ष 'घर' गाळू आणि 'किल्ला' म्हणू. ती शिक्षिका आहे, चूक दुरुस्त झालेली तिच्या बरोबर लक्षात येईल. दोन पावलांवर उभ्या असलेल्या बायकोला सांगायची गोष्ट दिवाणखान्यात न सांगता सभागृहातून सांगायची, हा द्राविडी प्राणायाम आहे हे त्यांना जाणवत नव्हतं असं नाही. पण घरात तोंड उघडलं की नुसतं 'अगं' निघायचं आणि पुढचं सगळं घशात अडकायचं. किल्लेदाराची वाक्यं तेवढी न अडखळता यायची.

इकडे कचेरीत वेगळंच शिजत होतं. हेडक्लार्कनी हातानं लिहिलेला कार्यक्रम टंकलेखिकेकडे गेला. मापारींच्या नावापुढे 'स्वगत' असा शब्द पाहून तिनं कपाळावर हात मारला. हेडक्लार्क काने द्यायला विसरतात हे तिला पुरतं ठाऊक होतं. आजवर तिनं त्यांचे कितीतरी काने मुकाट्यानं भरून दिले होते, तसा हाही दिला. आता 'स्वागत' झालं म्हटल्यावर ते कार्यक्रमाच्या मध्ये कसं राहील? तिनं ते उचलून सगळ्यात वर नेलं. पत्रिका छापून आल्यावर हेडक्लार्कनी ती वाचली. मापारींनी काय सांगितलं होतं ते त्यांना अंधुक आठवत होतं, पण आठवण आणि छापील कागद यांत ते नेहमीच छापील कागदाच्या बाजूनं उभे राहत. मापारींनी पत्रिका पाहिलीच नाही. ते शिंप्याकडे खेटे घालत होते. किल्लेदाराच्या झग्यासाठी त्यांनी दिवाणखान्यातला जुना जांभळा पडदा दिला होता. एरवी हे शिवणकाम घरीच झालं असतं, पण घरी विचारायची सोय उरली नव्हती. शिंप्यानं झगा छान शिवला, फक्त पडद्याच्या पितळी कड्या काढायला तो विसरला.

अशातच वरच्या कचेरीतून फोन आला. स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुण्या म्हणून उपसंचालक बाई येणार होत्या आणि त्यांचा सहायक चौकशी करत होता. फोनमध्ये खरखर फार होती. अशा वेळी माणसाला जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं.

"स्वागत तुमच्याकडे आहे ना?"

"हो हो, माझंच आहे," मापारी म्हणाले.

"किती वेळ घेणार?"

"मनातलं सगळं बाहेर यायचं म्हणजे थोडा वेळ लागणारच."

"वा! बाईंना आवडेल. पण गेटवर करताय की स्टेजवर?"

"स्टेजवरच. गेट आहे असं धरायचं."

"बरं. हार आहे ना?"

"हार तर आहेच," मापारी गंभीरपणे म्हणाले. "पण शेवटी."

"शेवटी नको, सुरुवातीलाच घ्या. बाईंना लवकर निघायचंय."

"सुरुवातीलाच हार म्हटल्यावर पुढे बोलायला काय उरलं?"

सहायक जरा घुटमळला, म्हणाला ते तुम्ही बघा, आणि त्यानं फोन ठेवून दिला. वरच्या कचेरीतसुद्धा नाटकाची एवढी जाण असलेली माणसं आहेत, याचं मापारींना नवल वाटलं.

संमेलन दुपारी होतं. मापारींनी तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर स्वतःची छत्री ठेवून ती अडवली होती. पडद्याआडून ते पुन्हा पुन्हा बघत होते. खुर्च्या भरत गेल्या, उपसंचालक बाई येऊन स्टेजवर मधल्या खुर्चीत बसल्या, पण तिसऱ्या रांगेत छत्री एकटीच बसून राहिली. तेवढ्यात हेडक्लार्कचा आवाज माईकवरून घुमला. ते काय म्हणाले कोण जाणे, मापारींना 'स्वगत' ऐकू आलं. आपण एवढ्या लवकर कसे, असं मनात आलं, पण पाय तोवर पुढे पडले होते.

जांभळा झगा घातलेला माणूस कड्या वाजवत येताना पाहून बाई हसतमुखानं उठून उभ्या राहिल्या. मापारींना हेडमास्तरांनी पढवलं होतं, की किल्लेदाराला समोर कुणी दिसत नाही. ते बाईंच्या नाकासमोरून तसेच पुढे गेले, स्टेजच्या कडेशी थांबले, त्यांनी एक दीर्घ श्वास सोडला आणि म्हणाले, "गेले एकदाचे सगळे! बरं झालं. यांची तोंडं पाहून पाहून वीट आला होता."

बाई हळूच खाली बसल्या.

"सल्ला द्यायला सगळे पुढे," मापारी सांगत होते. "निभवायची वेळ आली की मात्र एकेकाची पाठ दिसते. या खुर्च्यांवर बसलेल्यांत खरं बोलणारा एक तरी होता का?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. विंगेतून हेडक्लार्क कुजबुजले, "अहो, स्वागत! स्वागत!"

"तेच चाललंय," मापारी तोंडाच्या कोपऱ्यातून म्हणाले.

"अहो काना! काना!"

मापारींनी कानाला हात लावून पाहिला. कान जागच्या जागी होता. शेवटी हेडक्लार्कच फुलांचा हार घेऊन स्टेजवर आले आणि तो त्यांच्या हातात कोंबून, समोर माईक चालू आहे याचं भान न ठेवता, त्यांनी काय झालंय ते सांगून टाकलं. ते सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. लोक हसले ते असे हसले, की दारापाशी उभे असलेले चहावाले आत डोकावून बघू लागले. भर दुपारी, जुन्या पडद्यात गुंडाळलेले मापारी हातात हार घेऊन उभे होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं त्यांना वाटलं, पण स्टेज लाकडी होतं. त्यांनी बाईंना हार दिला आणि खालच्या मानेनं म्हणाले, "आपलं स्वागत असो."

"हे झालं स्वागत," बाई म्हणाल्या. "मघाशी काय होतं?"

"स्वगत."

"मग ते पुरं करा की. मला निघायची घाई होती, पण इतकं तोंडावर हाकलल्यावर आता उठून गेले तर बरं दिसणार नाही."

तर मापारींनी स्वगत पुरं केलं. या खेपेला हात पुढे गेला नाही, मानही वर झाली नाही. सभागृह आधी मजा म्हणून आणि मग खरोखरच गप्प होत गेलं. आपण बोलावं आणि लोकांनी ऐकावं, जे मागितलं होतं ते सगळं समोर मांडून ठेवलेलं होतं. त्या जागी आल्यावर मापारी थांबले. तिसऱ्या रांगेत छत्री होती. "एवढा मोठा हा किल्ला," ते म्हणाले, "आणि माझं बोलणं..." पुढचे शब्द त्यांना पाठ होते. पण दुरुस्ती जिला दाखवायची तीच आली नव्हती, आणि बाकीच्यांना त्यात काही दुरुस्त केलंय हे कळायचं कारण नव्हतं. एवढे कान आपल्याकडे लागलेले असताना आपल्याला यांतल्या कुणाला काहीही सांगायचं नाही, हे त्यांना स्पष्ट दिसलं आणि फार वाईट वाटलं. उरलेलं त्यांनी हळू आवाजात संपवलं. टाळ्या बऱ्या पडल्या. मागच्या रांगेतले लोक म्हणाले, शेवटचं काही ऐकू आलं नाही, पण चांगलं असावं.

चहाला न थांबता मापारी घरी निघाले. झगा पिशवीत कोंबला होता. त्यांच्याकडे दाराची किल्ली होती, म्हणून बेल न वाजवता त्यांनी दार उघडलं. चपला काढता काढता त्यांचा हात थांबला. आत कुणीतरी बोलत होतं. क्षणभर त्यांना वाटलं काकू आल्यात. पण आवाज एकच होता आणि तो बायकोचा होता. ती ओट्याकडे तोंड करून भाजी चिरत होती.

"...म्हणे ऐकणारं माणूस नाही. मग मी इतकी वर्षं इथे काय करत होते? संमेलनाला ये म्हणे. येऊन काय करू? तिसऱ्या रांगेत बसून ऐकू, की मी ऐकत नाही म्हणून?" सुरी थांबली, पुन्हा चालू झाली. "मी काही सांगितलं की 'हं'. वर्गातला तो मुका मुका पोरगा पहिल्यांदा सलग वाक्य वाचून गेला, ते धावत येऊन सांगितलं, तर 'हं'. शाळा बदलली, 'हं'. गाठ साधी निघाली म्हणून डॉक्टरांकडून आले, इथेच उभी राहून सांगितलं, तरी 'हं'. आणि पेपर उलटल्याचा आवाज. त्या दिवशी ठरवलं होतं, की आता नाही सांगायचं. पण सवय कुठे जाते?"

मापारी दाराशीच उभे होते. शाळा बदललेली त्यांना आठवत होती, तीही बस बदलली म्हणून. गाठ त्यांना आठवेना. कुठली गाठ, कधीची, त्यांनी डोकं किती ताणलं तरी त्या जागी काही म्हणजे काही नव्हतं. त्यांना भीती वाटली, जी ती घाबरली होती तेव्हा वाटायला हवी होती, आणि लाज वाटली. सभागृहात वाटली ती लाज हिच्यापुढे काहीच नव्हती.

नाटकाचा एक जुना संकेत आहे. एक पात्र स्वगत बोलत असलं, की शेजारी उभ्या असलेल्या पात्रानं ते ऐकायचं नसतं. दुसरीकडे बघायचं, झग्याची चुणी नीट करायची, आणि बोलणं संपलं की जणू आत्ताच आलो असं पुढे यायचं. मापारींनी आपल्या घरात हा संकेत जन्मभर काटेकोर पाळला होता. आत्ताही तेच सोपं होतं. दार पुन्हा एकदा लावायचं, खाकरायचं आणि "आलो गं" म्हणून आत जायचं. त्यांचा हात दाराकडे गेलादेखील.

"कुठली गाठ?" ते तिथूनच म्हणाले.

ती दचकून वळली. हातात सुरी तशीच होती. "किती वेळ झाला येऊन?"

"बराच."

"कुठपासून ऐकलंत?"

"तिसऱ्या रांगेच्या जरा आधीपासून."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. रागावून पाहिलं, आणि मग तो राग तिला धरून ठेवता येईना. तिनं सुरी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि टेबलाजवळची खुर्ची पायानं बाहेर ओढली.

"त्याच्या आधीचं खूप आहे," ती म्हणाली. "बसा. पहिल्यापासून सांगते. आणि मध्ये 'हं' म्हणायचं नाही."